चारशे बारा खुर्च्या

मी खुर्च्या भाड्याने देते. टोलिडोत, नदीच्या पूर्वेला.
बारसं, लग्न, मयत, चर्चमधलं सूप-जेवण.
घडीच्या, लोखंडी, पाठीवर पिवळ्या रंगात नंबर आणि 'बोदनार'.
एका खुर्चीचे एक डॉलर साठ सेंट. मेलेल्यांना थोडी सूट.

वडिलांनी गल्ल्यावर चिकटवलेलं, स्वतःच्या अक्षरात:
उधारीचं पोतं सव्वा हात रितं.
ते वाचत वाचतच मी सही केली.
समोरची पोरगी बावीसची असेल, हातात दोन फोन.
म्हणाली, शुक्रवारी पैसे.
कुठल्या शुक्रवारी, ते नाही म्हणाली.
मीही नाही विचारलं.

नऊ सभा झाल्या. शेवटची ऑक्टोबरात,
सरोवरावरून असा वारा
की तंबूचे खुंटे दोनदा ठोकावे लागले.
ऑर्विल आणि मी पहाटे चारपासून रांगा लावत होतो.
रॉस्को टिलमनना वॉशिंग्टनला जायचं होतं.
माइकवर म्हणाले, हे शहर हातांनी राबणाऱ्यांचं आहे,
आणि माझे हात नेमके तेव्हा
शेवटच्या रांगेत कागदाची घडी सरकवत होते
एका खुर्चीखाली,
तिचा पाय डुगडुगत होता म्हणून.
टाळ्या मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात ते पडले.
चारशे बारा गेलेल्या, चारशे अकरा परत आल्या.
पैसे आले नाहीत. तंबू, मंच, डिझेल धरून
अकरा हजार आठशे चाळीस.

आधी पोरगी फोन उचलायची.
मग ती दुसऱ्या कुणाच्या प्रचाराला लागली.
मग एक वकील, कोलंबस शहरातला, आवाज लोण्यासारखा.
त्याने समजावलं: उमेदवार वेगळा, समिती वेगळी.
देणं समितीचं. समितीकडे शिल्लक चौदा डॉलर
आणि देणगीदारांची एक जुनी यादी.
पण कायदा असा, की देणं मिटेपर्यंत
समितीला मरता येत नाही.
म्हणून दर तिमाहीला ती सरकारला हिशेब देते
आणि त्यात माझं नाव छापून येतं,
सँडविचवाल्या हद्दादच्या खाली, छापखान्याच्या वर.
इतकं नियमित माझ्या मुलाचं पत्रही येत नाही.

हद्दादने दुकान विकलं.
मी ऑर्विलला आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं.
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, म्हणाला, बरं.
हे कुठल्याच तिमाहीत छापून येत नाही.

मग पत्र आलं: डॉलरमागे अठरा सेंट घ्या, सही करा,
प्रकरण मिटवू.
म्हणजे समितीला सुखाने डोळे मिटता येतील.
ड्रॉवरमध्ये आहे अजून.

मार्चमध्ये इर्मा तोक्साई गेल्या.
चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला,
अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली, टिलमनसुद्धा.
हॉलमध्ये माझ्याच साठ खुर्च्या.
ते तिसऱ्या रांगेत बसले, दोनशे सात नंबरवर.
बारीक झाले होते. बुटांना चिखल.
मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं.

लोक गेले. सूप संपलं.
घड्या घालत घालत आम्ही तिसऱ्या रांगेपाशी आलो,
ते बसलेलेच.
माझ्याकडे वाक्यं होती, दीड वर्ष घोटलेली.
तोंडातून निघालं एवढंच:
जरा उठता का? खुर्ची हवी आहे.

उठले. स्वतःच घडी घालायला गेले
आणि बिजागरीत बोट सापडलं.
सगळ्यांचंच सापडतं पहिल्यांदा.
असं नाही, मी म्हटलं, आधी बैठक उचला,
पाठ आपोआप येते.
त्यांनी उचलली. मग शेजारची. मग अख्खी रांग,
बोट तोंडात धरून, काही न बोलता.

ट्रकमध्ये मोजल्या, साठ.
ऑर्विलने विचारलं,
त्यांच्या कामाचे पैसे बिलातून वळते करायचे का?
मी दार ओढून घेतलं.
कर, म्हटलं. तासाला अठरा सेंट. लिहून ठेव.